२०१९ ची निंजा ३००, मागणी एक लाख पंच्याण्णव हजार: घ्यावी का?

हिंगणा एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आहे. वय २६, राहायला मानेवाड्यात, घरी १५० सीसीची पल्सर. त्याला सेकंडहँड कावासाकी निंजा ३०० मिळतेय. २०१९ चं मॉडेल, एमएच ३१ पासिंग, विकणारा दुसरा मालक, मीटरवर २६ हजार किलोमीटर, मागणी १ लाख ९५ हजार. आरसी बुकावर अजून बँकेचं नाव आहे, पण कर्ज कधीच फिटलंय असं मालक म्हणतो. याच्याकडे सगळे मिळून २ लाख १० हजार आहेत. रोज कामावर जायचं आणि एखाद्या रविवारी पेंच नाहीतर पचमढी. मित्र म्हणतात निंजा कशाला, दीड लाखात २०१८ ची केटीएम आरसी ३९० घे. ‘गाडी दिसायला एकदम नवी आहे, घेऊ का?’ असा त्याचा शेवटचा सवाल.

मी मानकापूरला दुचाकींचं गॅरेज चालवतो. अशा फेअरिंगवाल्या, म्हणजे अंगभर प्लास्टिकचं आवरण असलेल्या गाड्या रोज हाताखालून जातात. त्यात घ्यायच्या आधी दाखवायला आणणारे कमी, घेऊन झाल्यावर आणणारेच जास्त. तू आधी विचारतोयस हे बरं केलंस. माझ्या पोराच्या वयाचा आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

निंजा ३०० चांगली आहे का, यावर मी वेळ घालवणार नाही. चांगली आहे. २०१३ पासून आपल्याकडे विकली जातेय, २९६ सीसीचं दोन सिलिंडरचं पाण्यानं थंड होणारं इंजिन, ३९ पीएस ताकद, आणि वेळेवर ऑइल बदललं तर २६ हजारांत या इंजिनाला काही होत नाही. २०१८ ला तिला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा मिळाली. त्याच्या आधीच्या बिनएबीएसच्या निंजा बाजारात वीस-तीस हजारांनी स्वस्त मिळतात, त्यांच्या नादी लागू नकोस. तुझी २०१९ ची आहे, म्हणजे तो प्रश्न नाही.

खरा प्रश्न पैशांचा आहे, आणि तू तो विचारलेलाच नाहीस. तुझ्याकडे २ लाख १० हजार आहेत आणि गाडी १ लाख ९५ ची. मधे राहिले १५ हजार. या वर्गातली सात वर्षांपूर्वीची गाडी घरी आणल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत किती खाते, ते सांगतो. माझ्या गॅरेजचे सध्याचे ढोबळ आकडे आहेत, दुसरीकडे थोडे इकडेतिकडे होतील. चेन किट आठ ते दहा हजार. टायरची जोडी, जरा बरी घेतली तर बारा ते पंधरा. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी), ब्रेक ऑइल आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासणी धरून नऊ-दहा. डिस्क पॅड तीन-चार. पुढच्या शॉकअपची सील आणि तेल तितकंच. बॅटरी गेली असेल तर आणखी तीन. नावावर करणं, बोजा (आरसीवरचं बँकेचं नाव) उतरवणं आणि विमा मिळून आठ-दहा. सगळंच निघालं तर पन्नास हजारांच्या आसपास जातं. सगळं निघत नाही, पण निम्मं निघतंच. म्हणजे ही गाडी १ लाख ९५ ची नाही, सव्वादोन ते अडीच लाखांची आहे, आणि तेवढे तुझ्याकडे नाहीत.

म्हणून गाडी बघायला जाशील तेव्हा ‘चांगली की वाईट’ हे डोक्यातून काढ. यातलं कोणतं काम आधीच्या मालकानं केलंय आणि कोणतं तुझ्या गळ्यात पडणार आहे, एवढंच शोधायचं. तोच तुझ्या घासाघीशीचा हिशेब.

काही गोष्टी मात्र तुझ्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. पल्सर ठेवणार की विकणार? ठेवणार असशील तर माझं मत बरंच मऊ होतं, कारण मग निंजा चार दिवस पार्टची वाट बघत उभी राहिली तरी तुझी ड्यूटी बुडत नाही. या गाडीचा एखादा पार्ट पल्सरसारखा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, मागवावा लागतो. दुसरं, गाडी उभी कुठे राहील? दिवसभर कंपनीच्या उघड्या पार्किंगमध्ये, मे महिन्याच्या ४५ डिग्रीत, असं असेल तर प्लास्टिक, सीट आणि बॅटरी तिन्हींचं आयुष्य कमी धर. आणि घरचं कोणी मागे बसणार आहे का? निंजाची मागची सीट हातभर पण नाही. आईला रामटेकला न्यायचं असेल तर पल्सरवरच ने.

आता बघायला जाताना. सकाळी जा, आणि आदल्या दिवशीच फोनवर सांग की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लाव. गरम असेल तर विचार, काहून सुरू केली? पेट्रोल भरायला गेलो होतो, असं उत्तर येईल. खरंही असेल. पण तू चहा पिऊन ये आणि इंजिन गार झाल्यावरच पुढचं कर, कारण या गाडीचे खोकले थंड इंजिनातच ऐकू येतात. गरम झाल्यावर सगळ्या निंजा सारख्याच गोड वाजतात.

सेल्फ मारल्यावर एक-दोन सेकंद वरच्या बाजूला, टायमिंग चेनकडून, खडखड आली आणि विरली तर चालतं. ती तशीच वाजत राहिली तर चेन टेन्शनरचं काम आहे. हे सौदा मोडण्यासारखं नाही, पण भावातून वजा करण्यासारखं आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ असतेच. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर चालू राहिला तर कूलंट आत जातंय, आणि तिथे गाडीचा विचार सोडायचा.

कूलंटपाशी मी जरा जास्त थांबणार आहे, कारण आपल्या नागपुरात या गाड्या तिथेच मरतात. पुण्या-नाशिककडच्या मेकॅनिकला हे एवढं जाणवत नसेल. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्धा रोडच्या सिग्नलला तीन मिनिटं उभं राहिलं की रेडिएटरचा पंखा धडाधड सुरू होतो, हवाच इतकी गरम की पंखा बिचारा काय थंड करणार. अशा वेळी पाइप, वॉटर पंप आणि रेडिएटरचं झाकण यांच्यापैकी जे कमजोर असेल ते आधी जातं. मग कूलंटची पातळी कमी होते, आणि घाईत कुणीतरी वरून नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओततं. एकदा ओतलं तर काही बिघडत नाही. वर्षभर तेच चाललं तर आत क्षार बसतात, गंज धरतो, रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी सिग्नलवर उकळते.

हे तपासायला यंत्र लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना, आणि फक्त थंड असतानाच, रेडिएटरचं झाकण उघड. गरम असताना उघडलंस तर उकळतं पाणी तोंडावर उडेल. आत मोबाइलचा टॉर्च मार. स्वच्छ हिरवं किंवा ज्या रंगाचं कूलंट भरलंय त्या रंगाचं दिसलं की छान. चहासारखा तांबूस रंग म्हणजे पाणी आणि गंज. वर तेलाचा तवंग असेल तर झाकण लाव आणि नमस्कार कर. झाकणाच्या रबरावर बोट फिरव, पांढरी पूड लागली की बोअरचं पाणी गेलेलं आहे. मग इंजिन ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला बघ. तिथे सायीसारखा पांढरट थर असेल तर तेलात पाणी मिसळतंय. फार कमी चालवलेल्या गाडीत पावसाळ्यात असा थर नुसत्या ओलाव्यानंही येतो, म्हणून दोन्ही झाकणं मिळून निर्णय कर, एकट्यावर नको.

मग टेस्ट राइड करून आल्यावर गाडी बंद करू नकोस. स्टँडवर न्यूट्रलमध्ये चालू ठेव आणि मालकाशी गप्पा मार. इंजिन तापेल, पंखा लागेल, ते गार झालं की पंखा बंद होईल. हे चक्र दोनदा बघ. पंखा लागलाच नाही, किंवा लागून बंदच होत नाही, तर कूलिंगमध्ये काम आहे. डिसेंबरात विकायला काढलेल्या गाडीत हे दिसत नाही. खरेदी थंडीत करत असशील तर एका गोणपाटानं किंवा पुठ्ठ्यानं रेडिएटर अर्धा झाक आणि मग बघ. मालक कुरकुर करेल, करू दे. पण मीटरवरची नजर हलवू नकोस, आणि तापमानाचा इशाऱ्याचा दिवा लागला तर पुठ्ठा लगेच काढ.

‘दिसायला एकदम नवी आहे’ असं तू लिहिलंस, त्यानं मला उलट शंका आली. सात वर्षांच्या गाडीवर सात वर्षांचे ओरखडे असायला पाहिजेत. फेअरिंगची गाडी पडली की प्लास्टिक बदलून, रंगवून, स्टिकर लावून तिला नवरीसारखी उभी करता येते. म्हणून प्लास्टिक बघू नकोस, त्याच्या आसपासचं बघ. हँडलच्या टोकांचे वजनाचे गोळे, क्लच-ब्रेकच्या लिव्हरचं टोक, फूटरेस्टचं बाहेरचं टोक, सायलेन्सरचा कडेचा भाग, या चार जागा गाडी पडल्यावर आधी जमिनीला टेकतात. एका बाजूच्या चारही जुन्या आणि दुसऱ्या बाजूच्या चारही चकचकीत नव्या असतील तर गाडी त्या बाजूला झोपलेली आहे. नुसती पार्किंगमध्ये पडली असेल तर काही नाही, माझ्या ओळखीत न पडलेली निंजा क्वचितच आहे. वेगात पडली का, ते वेगळीकडे कळतं.

त्यासाठी हँडल डावीकडे पूर्ण वळव, मग उजवीकडे. ते जिथे येऊन अडतं तिथे फ्रेमवर लोखंडाचा छोटा अडसर असतो. दोन्ही बाजूंचे सारखे पाहिजेत. एक चेपलेला, तुटलेला किंवा वेल्डिंग केलेला दिसला म्हणजे पुढचं चाक जोरात आपटून हँडल पूर्ण वळलं होतं. अशी गाडी कोणी फुकट दिली तरी मी घेणार नाही, हे माझं मत. काही मेकॅनिक घेतात. नंतर कोणाला तरी मागे दाबून पुढचं चाक अधांतरी करायला सांग आणि हँडल हळू फिरव. बरोबर मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटलं तर बॉल रेसर, म्हणजे हँडलचे बेअरिंग गेलेत. आपल्याकडे रिंग रोडच्या खड्ड्यांनी ते तसेही जातात, आणि दीड-दोन हजारांचं काम आहे, घाबरायचं नाही. शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरव. नख अडलं तर सील बदलूनही पुन्हा गळणार. फेअरिंगच्या स्क्रूंची डोकी घासलेली, दोन-तीन क्लिप गायब, आणि प्लास्टिकच्या आतल्या बाजूला रंगाचे शिंतोडे दिसले, की ते पुन्हा रंगवलेलं आहे.

नागपुरात आणखी एक बघावं लागतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, सीताबर्डीकडे बेसमेंटमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. त्या भंगारात गेल्या नाहीत. धुतल्या, सुरू केल्या, विकल्या. इंजिनाचं तेल बदलून इंजिन वाचतं, पण वायरिंगचं तसं नसतं. सीट काढून खाली बॅटरीच्या आजूबाजूला आणि कनेक्टरच्या तोंडाशी बघ. हिरवी पूड जमलेली आणि कोपऱ्यात चिकट गाळ वाळलेला दिसला तर पाणी लागलंय. अशी गाडी आज चालते, पण दोन वर्षांनी ऐन पावसात कुठेतरी एबीएसचा सेन्सर किंवा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) दगा देतो, आणि दोष शोधण्यातच निम्मे पैसे जातात.

मालक याबद्दल खरं सांगेलच असं नाही. कागद सांगतो. आधीच्या विम्याच्या पॉलिसी माग. त्यावर नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा आकडा छापलेला असतो. एक वर्ष क्लेम नसला तर २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षांनी ५०. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी शून्य. पहिल्या मालकाच्या पॉलिसींवर २०, २५ असं चढत जाऊन २०२३ नंतर एकदम शून्य दिसलं, तर त्या वर्षी काय झालं ते तुला विचारता येतं. यात एक मेख आहे. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो; मालक बदलला की तो शून्यापासून सुरू होतो, आणि विमा बराच काळ खंडित राहिला तरीही जातो. त्यामुळे नुसता शून्य म्हणजे अपघात नव्हे, पण प्रश्न विचारायला पुरेसा आहे. सोबत अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन सर्व्हिस हिस्टरी मिळते का ते बघ. मीटर खरं आहे का ते कळायला तोच रस्ता बरा. १८ हजारांना शेवटची नोंद आणि मग काहीच नसेल, तर पुढच्या आठ हजारांत तेल कुणी बदललं, कधी बदललं, ही बिलं मालकाकडे पाहिजेत.

बाकीचं झटपट. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. १९ आले तर टायर गाडीइतकाच जुना आहे, नक्षी कितीही शिल्लक असो, बदलायचा. मागच्या स्प्रॉकेटवर चेन मागे ओढून बघ, अर्धा दात उघडा पडला की किट संपलं. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, तेवढी शिल्लक आहे का मोज. गाडी बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर, आणि रेस दिल्यावर साधारण चौदा दाखवायला हवी. टॅपेट या इंजिनात स्क्रूनं बसत नाहीत, शिमनं (पातळ चकत्यांनी) बसतात, कॅमशाफ्ट उतरवून करायचं काम आहे. मी पंचवीसेक हजारांना एकदा मोजतोच. या गाडीचं झालंय का ते विचार. मालकाला टॅपेट म्हणजे काय हेच माहीत नसेल तर झालेलं नाही.

चावी लावताच एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी हलल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर खूश होऊ नकोस, बिघाड लपवायला कोणीतरी तो मारलेला असू शकतो.

टेस्ट राइडला गल्लीत चक्कर मारून काही कळत नाही. हेल्मेट घालून आउटर रिंग रोडला ने. या इंजिनाचा जोर वरच्या आरपीएमला आहे, कमाल ताकद ११ हजारांना मिळते. पल्सरच्या सवयीनं खालीच गिअर टाकत गेलास तर तुला वाटेल की गाडीत दम नाही. उंच गिअरमध्ये मधल्या आरपीएमला एकदम रेस दे. काटा पळतो आणि गाडी मागे राहते, असं झालं तर क्लच प्लेट गेल्या. दुसऱ्या गिअरमध्ये जोरात खेच आणि एकदम सोड. गिअर निसटला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल, सोडून दे. ब्रेक दाबताना लिव्हर बोटाला धडधडली तर डिस्क वाकलीय. हात हलका ठेवून सरळ चालव, गाडी एका बाजूला ओढते का बघ. तिचा खरा वेग तपासायच्या फंदात पडू नकोस. तसंही समृद्धीवर दुचाकीला प्रवेश नाही, आणि पेंचच्या रस्त्यावर ८०-९० ला ही गाडी जितकी निवांत चालते, तेवढंच तुझ्या कामाचं आहे.

कागदांमध्ये तुझ्या बाबतीत सगळ्यात मोठी अडचण बँकेच्या नावाची आहे. ‘कर्ज फिटलंय’ याला काही किंमत नाही. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजा उतरला पाहिजे. तो मालकानं आधी उतरवावा, मग पूर्ण पैसे. ते जमत नसेल तर निदान बँकेचं मूळ पत्र हातात आल्याशिवाय टोकनच्या पुढे रुपया देऊ नकोस. दुसरं, विकणाऱ्याचं नाव आरसीवर आहे का? ‘दुसरा मालक’ म्हणवणारे पुष्कळदा कागदावर मालक नसतात, पहिल्याच्या नावावरच गाडी चालवत असतात. मग सही कोणाची घेणार? परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून नाव, बोजा, विमा सगळं बघून घे. ई-चलन किती थकलंय तेही बघ, ते भरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळव.

फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे अर्ज) सह्या झाल्या की गाडी ३० दिवसांत नावावर करायला टाक. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा असतो. २०१९ ला नवीन गाडीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळाला होता, तो २०२४ ला संपला. पुढे कुणी काढलाय का ते तपास, कित्येक जण विसरतात.

एवढ्यात कोणी मध्य प्रदेश पासिंगची अशीच गाडी पंचवीस हजारांनी स्वस्त दाखवली तर लगेच भुलू नकोस. तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवीन नंबर धरला की तो फरक उरत नाही, वर फेऱ्या वेगळ्या.

मित्रांच्या आरसी ३९० बद्दल. गाडी वाईट नाही. ३७३ सीसीचं एकच सिलिंडर, ४३ पीएसच्या आसपास ताकद, आणि खालपासूनच जोर. चाकणला बनते म्हणून पार्टही तुलनेनं सोपे मिळतात. पण तुझं काम काय, रोज मानेवाडा ते हिंगणा आणि मधेच पचमढी. तिचे हँडल खाली आहेत, शहरात अर्ध्या तासात मनगटं बोलायला लागतात. ट्रॅफिकमध्ये उन्हाळ्यात पायाला जी आच लागते ती निंजापेक्षा जास्त. तिची टाकी दहा लिटरचीही नाही, निंजाची सतरा लिटरची. विमाही बघ: २०२२ ला ठरलेल्या दरांनी १५० ते ३५० सीसीला थर्ड पार्टीचा हप्ता १,३६६ रुपये, त्याच्या वरच्या गाडीला २,८०४, शिवाय जीएसटी वेगळा. शिवाय त्या गाड्या बहुतेक करून कॉलेजच्या पोरांनी पिळलेल्या असतात, शांत माणसाची सापडायला वेळ लागतो. सापडली तर दीड लाखात जरूर बघ, वरच्या सगळ्या तपासण्या तिलाही लागू आहेत, रेडिएटरची तर दुप्पट कडक.

आता भाव. विकणाऱ्याच्या डोक्यात जुना हिशेब आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि त्याच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणजे नवी निंजा ३०० शोरूममध्ये स्वस्त झाली, तेव्हा जुनीचा भावही उतरायलाच पाहिजे. हे त्याच्यासमोर शांतपणे मांड.

टायर, चेन, टॅपेट काहीच झालेलं नसेल तर माझ्या हिशेबानं तुझी हद्द १ लाख ६० हजार. टायर आणि चेन किट वर्षभरातलं असेल, बिलं असतील, बोजा त्यानंच उतरवून दिला, तर १ लाख ७५ पर्यंत जा. त्याच्या पुढे गेलास तर गाडी येईल, पण पहिल्याच सर्व्हिसला पैसे उसने घ्यावे लागतील. आणि हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज तुझ्याकडे धड नसतील तर आठ-दहा हजार आधी त्यांचे बाजूला काढ आणि मग वरचे आकडे तेवढ्यानं खाली आण.

‘दुसरं गिऱ्हाईक एक नव्वदला तयार आहे’ असं तो म्हणालाच, तर त्याला देऊ दे. आपल्या शहरात ३०० सीसीच्या गाडीला गिऱ्हाईक मोजके आहेत, आणि महिन्याभरानं तीच गाडी अजून उभी असली तर फोन त्याचाच येईल. टोकन दिलंसच तर पाच हजारांच्या वर नको, आणि ‘बोजा उतरला नाही किंवा मेकॅनिकच्या तपासणीत इंजिनाचं काम निघालं तर टोकन परत’ हे व्हॉट्सअॅपवर त्याच्याकडून लिहून घे.